कातारी आणि त्याचा शिकाऊ

सतिपट्ठान सुत्त सांगितलं गेलं ते एका बाजारगावात. कुरू देशातलं कम्मासधम्म हे गाव, आजच्या दिल्लीच्या परिसरातलं. बुद्ध तिथं मुक्कामाला होते आणि त्यांनी भिक्खूंना बोलावून सतीचे, म्हणजे सजग लक्षाचे, चार आधार समजावून दिले, याहून जास्त पार्श्वभूमी मूळ सुत्त देत नाही. पण पाचव्या शतकात अनुराधपूरच्या महाविहारात बसून जुन्या सिंहली अट्ठकथा, म्हणजे भाष्यं, पालीत आणणाऱ्या बुद्धघोषांना प्रश्न पडला, की इतका खोल उपदेश नेमका याच गावी का? त्यांनी नोंदवलेलं उत्तर मला फार आवडतं. कुरू देशाची हवा चांगली, अन्न सकस, म्हणून माणसं अंगानं आणि मनानं निरोगी. आणि सतीचा विषय तिथं घरोघरी चालायचा. पाणवठ्यावर, सूत कातायच्या जागी, दासदासी आणि मजूरसुद्धा त्याविषयी बोलत. एखाद्या बाईला कोणी विचारावं, तू सध्या कोणतं सतिपट्ठान करतेस? ती ‘कोणतंच नाही’ म्हणाली की तिला सगळ्यांनी रागवावं, जिवंतपणी मेल्यासारखी काय राहतेस म्हणावं, आणि एखादं तरी शिकवून मगच सोडावं.

त्याच अट्ठकथेत एक पोपटही आहे. एक फिरता नट आपलं पोपटाचं पिल्लू भिक्खुणींच्या विहारात विसरून गेला. सामणेरींनी, म्हणजे नवशिक्या भिक्खुणींनी, ते वाढवलं, त्याचं नाव बुद्धरक्खित ठेवलं. एके दिवशी महाथेरी त्याला म्हणाली, तूही काही मनन करतोस की नाही? आणि तिनं त्याला हाडांचं मनन शिकवलं. पुढे एकदा सकाळी कमानीवर ऊन खात बसलेल्या या पोपटाला ससाण्यानं पंजात धरून नेलं. सामणेरींनी आरडाओरडा करून, दगड मारून त्याला सोडवलं. थेरीनं विचारलं, नेताना तुझ्या मनात काय आलं? पोपट म्हणाला, हाडांचा एक सापळा दुसऱ्या सापळ्याला घेऊन चाललाय, कुठेतरी दोन्ही विखुरतील, एवढंच आलं. थेरीनं त्याला शाबासकी दिली.

ही गोष्ट खरी मानायची की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवू. जुन्या परंपरेला हा उपदेश कुणाच्या आवाक्यातला वाटत होता, ते तिच्यातून कळतं. पाणवठ्यावरच्या बाया, सूतकताई करणाऱ्या, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर एक पोपट. मराठी वाचक आज या सुत्तांकडे येतो तो बहुधा दोन समजुती घेऊन. एक, हे जंगलात जाऊन बसणाऱ्यांचं काम आहे. दुसरी, हे ताण कमी करण्याचं तंत्र आहे आणि फोनवरच्या ॲपनं दहा मिनिटांत जमतं. या संग्रहातली सुत्तं वाचताना दोन्ही समजुती हळूहळू सुटतील असा माझा विश्वास आहे. त्यासाठी एका गोष्टीकडे लक्ष द्यावं लागेल: या सुत्तांमध्ये माणसं कोण आहेत.

सतिपट्ठानातला पहिला दाखला घ्या. श्वासाकडे लक्ष ठेवणारा भिक्खू लांब श्वास घेतला की लांब घेतला हे जाणतो, आखूड घेतला की आखूड घेतला हे जाणतो. कशासारखा? कसबी कातारी कातकाम करताना लांब ओढ दिली की ती लांब आहे हे जाणतो, आखूड दिली की आखूड, त्यासारखा. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांमुळे कातकाम आपल्याकडे ओळखीचं आहे, पण आजचे लेथ विजेवर चालतात. जुन्या काळी लाकडाभोवती वादी किंवा दोरी गुंडाळून ती मागंपुढं ओढायची, लाकूड फिरतं ठेवायचं आणि धार टेकवायची. ओढीची लांबी हाताला कळलीच पाहिजे, नाहीतर धार खोल जाते. अट्ठकथा सांगते, की नगाऱ्यासारखी मोठी वस्तू कातताना कारागीर हातपाय पसरून लांब ओढ देतो आणि हस्तिदंताच्या सुईसारखं बारीक काम असलं की आखूड. बुद्धांनी लक्ष देण्याचा दाखला शोधला तो या माणसाच्या खांद्यात आणि मनगटात. कातारी श्वास रोखत नाही, वाढवत नाही, त्याच्याविषयी विचारही करत बसत नाही. काम चालू आहे आणि काय चाललंय ते त्याला माहीत आहे.

पण त्या वाक्यात आणखी एक माणूस आहे आणि त्याच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. सुत्त म्हणतं, कसबी कातारी किंवा त्याचा अंतेवासी, म्हणजे त्याच्या हाताखाली शिकणारा पोरगा. एकदा हे दिसलं की तो सगळीकडे दिसायला लागतो. शरीराची चार महाभूतांत फोड करून पाहण्याच्या दाखल्यात खाटीक आहे, आणि खाटकाचा शिकाऊ आहे. पहिल्या ध्यानाचं वर्णन करताना स्नानाचं चूर्ण पाणी शिंपडून मळणारा न्हाणीवाला येतो, आणि त्याचा शिकाऊ येतो. गवताच्या बाहुल्यावर किंवा मातीच्या ढिगावर नेम धरून सराव करणारा धनुर्धर आणि त्याचा शिकाऊ. सोनार आणि त्याचा शिकाऊ. पालीतला हा ठरलेला साचा आहे, मान्य. तोंडपाठ ठेवायच्या वाङ्मयात असे साचे असतातच. पण साचासुद्धा कुणीतरी निवडलेला असतो. उस्तादाच्या शेजारी, त्याच वाक्यात, त्याच मानानं शिकाऊ पोराला बसवायचं ठरवलं गेलं, आणि संघानं ते शतकानुशतकं तसंच म्हटलं. हा संग्रह करताना माझ्या मनात सर्वांत घट्ट बसलेली गोष्ट हीच. इथं प्रज्ञा ही हातात येणारी गोष्ट आहे. ती दिव्य साक्षात्कारासारखी एकाएकी कोसळत नाही; कारागिराच्या नजरेसारखी सरावानं येते, आणि नवशिक्याला पहिल्या दिवसापासून त्या कामात जागा असते.

सोनाराचं सुत्त अंगुत्तर निकायात आहे. सोनार शेगडी पेटवतो, मुशीत सोनं ठेवतो. मग तो वेळोवेळी फुंकर घालतो, वेळोवेळी पाणी शिंपडतो, वेळोवेळी नुसता पाहत राहतो. फुंकतच राहिला तर सोनं जळेल, पाणीच शिंपडत राहिला तर गार पडेल, नुसता पाहत राहिला तर नीट तावणार नाही. बुद्ध म्हणतात, मनाचंही असंच: उत्साह, एकाग्रता आणि तटस्थपणे पाहणं, या तिन्हींकडे वेळोवेळी लक्ष द्यायचं. ध्यानाला बसणाऱ्या कुणालाही यातली अडचण लगेच कळेल. कोणत्या घडीला काय, हे सुत्त सांगत नाही, सांगूही शकत नाही. सोनाराच्या पोराला ते ‘किती मिनिटांनी’ असं कुणी शिकवत नाही. तो शेगडीजवळ बसून धातूचा रंग बघत शिकतो.

सती आणि प्रज्ञा यांचं नातं समजून घ्यायला मला दोन जुने ग्रंथ सर्वांत उपयोगी वाटले. मिलिंदपञ्हात राजा मिलिंद भिक्खू नागसेनांना मनसिकार, म्हणजे मनाचं लक्ष, आणि प्रज्ञा यांतला फरक विचारतो. नागसेन त्यालाच विचारतात, जव कापणारे कसे कापतात? डाव्या हातात मूठभर धाटं धरून उजव्या हातातल्या विळ्यानं कापतात. तसंच मनाला धरायचं मनसिकारानं आणि क्लेश कापायचे प्रज्ञेनं. पुढे त्याच संवादात सती ही राजाच्या भांडारी माणसासारखी येते. काय आहे, किती आहे, काय हिताचं आणि काय अहिताचं, याची ती सतत आठवण देते. म्हणजे सती नुसतं पाहत नाही, तिला बरंवाईट कळतं. दुसरा ग्रंथ बुद्धघोषांचा विसुद्धिमग्ग. त्यात फळीवर नाण्यांचा ढीग पडला आहे आणि तिघं तो पाहतात. लहान मुलाला नक्षी, गोल-चौकोनी आकार दिसतात. खेडूताला तेही दिसतं आणि याच्या बदल्यात वस्तू मिळतात हेही कळतं. सराफ नाणं बघून, वाजवून, हुंगून, चाखून, हातात तोलून खरं-खोटं सांगतो. एवढंच नव्हे, तर कोणत्या गावात, कोणत्या नदीकाठी, कोणत्या कारागिरानं पाडलं तेही ओळखतो. बुद्धघोषांच्या हिशेबी मूल म्हणजे सञ्ञा (नुसती ओळख), खेडूत म्हणजे विञ्ञाण (जाणीव) आणि सराफ म्हणजे पञ्ञा (प्रज्ञा). तिघांपुढं नाणं एकच आहे.

ही माणसं केवळ दाखल्यांपुरती नव्हती. आपल्याच सह्याद्रीत त्यांची नावं दगडात कोरलेली आहेत. एकविरेच्या दर्शनाला गेलेले लाखो लोक कार्ल्याच्या चैत्यगृहासमोरून जातात. तिथल्या एका लेखात धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, यानं दाराचं काम केल्याची नोंद आहे. कान्हेरीला कल्याणच्या समिदत नावाच्या सोनारानं पाण्याचं टाकं दिलं. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदातानं गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे २००० आणि १००० कार्षापणं ठेव म्हणून ठेवली, की त्यांच्या व्याजातून वर्षावासातल्या भिक्खूंना चीवरं आणि इतर गरजेच्या वस्तू मिळत राहाव्यात. मूळ रक्कम विणकरांकडे, व्याज संघाकडे. जुन्नरच्या लेण्यांत बुरूड आणि कासारांच्या श्रेणींची नावं येतात. सुतार, सोनार, विणकर यांनी उभ्या केलेल्या दगडी छताखाली सुतार-सोनारांचे दाखले असलेली सुत्तं म्हटली जात होती. आपल्या प्रदेशाचं बौद्ध वाङ्मयाशी नातं शोधायला मला याहून थेट पुरावा दुसरा दिसत नाही.

आता सतिपट्ठान सुत्त वाचायचं कसं, याविषयी. मज्झिम निकायात ते दहावं आहे, दीघ निकायात बाविसावं. दीघ निकायातलं चार आर्यसत्यांच्या विस्तारामुळे मोठं आहे. काया, वेदना, चित्त आणि धम्म असे चार विभाग आणि परंपरेच्या मोजणीनं मननाचे एकवीस विषय. कायेच्या विभागात श्वास आहे, उभं राहणं-बसणं-चालणं-झोपणं आहे, आणि मग संपजञ्ञ: पुढे जाताना, मागे वळताना, हात आखडताना, जेवताना, शौचाला बसल्यावर, बोलताना आणि गप्प असताना काय चाललंय ते नीट जाणणं. शौचाचा उल्लेख पाहून काही वाचक बिचकतात. बिचकू नये, ते तिथं मुद्दाम आहे. सतीतून दिवसाचा कोणताही भाग वगळलेला नाही, हे इतक्या सरळपणे फार थोड्या धर्मग्रंथांनी सांगितलं असेल. पुढे शरीरातल्या केस, नखं, दात, कातडी अशा एकतीस भागांची यादी येते आणि तिचा दाखला म्हणजे दोन तोंडांची पिशवी, तांदूळ, मूग, उडीद, तीळ अशा धान्यांनी भरलेली. डोळस माणूस ती सोडतो आणि हे तांदूळ, हे मूग असं ओळखत जातो. किळस यावी म्हणून हे मनन आहे असं पुष्कळदा सांगितलं जातं आणि त्यात तथ्य आहेच, पण दाखल्यात किळस कुठेच नाही. धान्य निवडणाऱ्या माणसाला मुगाची शिसारी येत नाही.

वेदनेचा विभाग सर्वांत लहान. माझ्या मते रोजच्या जगण्याला सर्वांत जवळचा तोच. सुखद, दुःखद आणि धड सुखद ना दुःखद अशा तीन वेदना, आणि त्या प्रत्येकीचे दोन प्रकार, आमिषातून, म्हणजे ऐहिक गोष्टींतून, आलेली आणि आमिषाविना आलेली. फोन वाजला की मेसेज उघडण्याआधीच छातीत काहीतरी हलतं; ते सुखद की दुःखद हे कळायच्या आत बोट पडद्यावर गेलेलं असतं. सुत्त त्या मधल्या जागेविषयी बोलतं. त्याच्या जोडीला मी संयुत्त निकायातलं बाणाचं सुत्त घेतलं आहे. ज्यानं शिकून घेतलं नाही त्याला दोन बाण लागतात, एक शरीराचा आणि मागोमाग मनाचा. ज्यानं शिकून घेतलं त्याला एकच. पहिला बाण चुकवता येईल असं बुद्धांनी कुठेही म्हटलेलं नाही.

प्रत्येक मननानंतर तोच परिच्छेद पुन्हा येतो. स्वतःच्या ठिकाणी पाहणं, इतरांच्या ठिकाणी पाहणं, दोन्हींकडे पाहणं. उत्पन्न होताना पाहणं, नाहीसं होताना पाहणं. जाणण्यापुरती सती ठेवणं आणि कशालाही टेकून न राहणं. छापील पुस्तकात याचा कंटाळा येतो आणि अनुवादक ‘वरीलप्रमाणे’ लिहून मोकळे होतात. इथं तो परिच्छेद दर वेळी पूर्ण दिला आहे. हे वाङ्मय कित्येक पिढ्या भाणकांच्या, म्हणजे पठण करणाऱ्या भिक्खूंच्या, तोंडी होतं. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सिंहलद्वीपात ते लिहिलं गेलं. पुनरुक्ती पाठांतराच्या सोयीसाठी होती हे खरं, पण ती कामही करते. मोठ्यानं वाचून पाहा. आठव्या-नवव्या वेळी नाहीसं होताना पाहण्याचे शब्द आले, की मघाचा श्वास, मघाची वेदना गेलेली असते.

लक्ष देण्याच्या आजच्या लाटेविषयी बोललं पाहिजे. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन काबाट-झिन यांनी दुखण्यानं आणि ताणानं पिचलेल्या रुग्णांसाठी माइंडफुलनेसचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यातून अनेकांना आराम मिळाला आणि ती सेवा मोलाची आहे. पण पुढे हा शब्द कार्यशाळांत, ॲपांत आणि कंपन्यांच्या शिबिरांत गेला तेव्हा त्याच्या भोवतीचं बरंच गळून पडलं. पाली सुत्तं मिच्छा सतीचाही उल्लेख करतात, म्हणजे चुकीच्या वाटेवरची सती. घरफोडी करणाऱ्याचं लक्षही एकवटलेलं असतं. म्हणून सती कधी एकटी येत नाही. अष्टांगिक मार्गात तिच्या आधी सम्यक दृष्टी आहे, सम्यक वाचा आहे, सम्यक आजीविका आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हाच धागा दुसऱ्या टोकानं धरला. नुसती विद्या पुरी पडत नाही, तिच्यावर प्रज्ञा हवी; आणि प्रज्ञेच्या जोडीला शील आणि करुणा हवी, कारण एरवी शिकलेला माणूस आपली विद्या दुसऱ्याला बुडवायला वापरू शकतो. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रात वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहाराविहारांतून या ग्रंथाचं वाचन होतं. त्या वाचनाला बसणाऱ्या बायाबापड्यांत मला अट्ठकथेतला पाणवठा दिसतो. दुसरीकडे इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून ब्रह्मदेशातल्या परंपरेतून आलेली विपश्यना शिकवली जाते आणि सतिपट्ठान सुत्त तिथं अभ्यासाचा भाग आहे. या दोन प्रवाहांतली माणसं एकमेकांकडे कधी कधी संशयानं पाहतात. एकाला दुसरा समाजाकडे पाठ फिरवणारा वाटतो, दुसऱ्याला पहिला नुसता बोलणारा. मूळ सुत्त वाचलं तर दोघांनाही आपलंच अर्धं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी सापडेल, कारण पाहायचं आहे ते स्वतःच्या ठिकाणी आणि इतरांच्याही.

मराठीत हे काम नव्यानं सुरू होत नाही. १८७६ साली गोव्यातल्या सांखवाळ इथं जन्मलेले धर्मानंद कोसंबी विशीत घर सोडून पुणे, काशी, नेपाळ करत कोलंबोच्या विद्योदय परिवेणात पोहोचले आणि पाली शिकले. पुढे त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. हार्वर्डमध्ये अभ्यासक वॉरन यांच्या अपुऱ्या राहिलेल्या विसुद्धिमग्गाच्या संपादनाला त्यांनी वर्षानुवर्षं दिली. त्या ग्रंथाची त्यांची नागरी आवृत्ती १९४० मध्ये मुंबईत निघाली, हार्वर्डची त्यांच्या मृत्यूनंतर १९५० मध्ये. त्यांच्या पठडीतल्या पुरुषोत्तम विश्वनाथ बापटांनी विमुत्तिमग्ग आणि विसुद्धिमग्ग यांचा तुलनात्मक अभ्यास १९३७ मध्ये प्रसिद्ध केला, चिनी भाषांतराच्या आधारानं. चिंतामण वैजनाथ राजवाडे यांनी दीघ निकाय मराठीत आणायला घेतला होता. कोसंबींचं मराठी साधं, न थांबता चालणाऱ्या माणसाचं आहे, आणि अनुवाद करताना मी त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा गेले.

संग्रहातलं बुद्धांचे शिष्य सारिपुत्त यांच्या निधनाचं सुत्त काहींना इथं अनपेक्षित वाटेल. चुंद सामणेर सारिपुत्तांचं पात्र आणि चीवर घेऊन सावत्थीला येतो. आनंद ते ऐकून इतका खचतो, की दिशा कळेनाशा झाल्या असं सांगतो. बुद्ध त्याला विचारतात, सारिपुत्तानं जाताना तुझं शील नेलं का? समाधी, प्रज्ञा नेली का? आनंद म्हणतो, नाही, पण ते मला शिकवत, धीर देत, हे आठवतं. मग बुद्ध त्याला चार सतिपट्ठानं सांगतात, स्वतःचाच आधार घेऊन राहा म्हणतात. श्वास आणि वेदना यांची ती कोरडी वाटणारी उजळणी इथं एका शोक करणाऱ्या माणसाला, त्याच्या मित्राच्या पात्राशेजारी, सांगितली जाते. ती कशासाठी आहे याची शंका यानंतर राहत नाही.

शेवटी सेदक गावचं सुत्त ठेवलं आहे. त्यात एक बांबूवर कसरत करणारा आहे, आपल्याकडच्या डोंबाऱ्यासारखा, आणि त्याच्या हाताखाली शिकणारं मेदकथालिका नावाचं पोर. बांबू उभा करून उस्ताद पोराला खांद्यावर चढवतो आणि सांगतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. असं एकमेकांना सांभाळून आपण खेळ दाखवू, पैसे मिळवू, सुखरूप खाली उतरू. पोर म्हणतं, उस्ताद, असं नाही चालायचं. तुम्ही स्वतःला सांभाळा, मी स्वतःला सांभाळतं, तरच आपण सुखरूप उतरू. बुद्ध भिक्खूंना सांगतात, पोराचं म्हणणं बरोबर. इतर ठिकाणी उस्तादाच्या शेजारी मुकाट बसलेला शिकाऊ इथं उस्तादाला उलट बोलतो आणि बुद्ध त्याची बाजू घेतात. मात्र ते तिथं थांबत नाहीत. स्वतःला सांभाळणारा दुसऱ्याला सांभाळतो, ते सरावानं. आणि दुसऱ्याला सांभाळणारा स्वतःला सांभाळतो, ते क्षमेनं, अहिंसेनं, मैत्रीनं आणि अनुकंपेनं, असं ते जोडतात. म्हणजे उस्तादाचं म्हणणंही पूर्ण टाकून दिलेलं नाही. सुत्त जेमतेम एका पानाचं आहे. ज्यांना सतिपट्ठानाच्या लांबीची धास्ती वाटते त्यांनी क्रम मोडून खुशाल इथूनच सुरुवात करावी आणि मग पहिल्या पानावरच्या काताऱ्याकडे यावं.